सत्त्याहत्तरचा कौल आणि आपला खानदेश

निवडणूक जवळ आली की गावच्या पारावर भाकितांना ऊत येतो. अमका येणार, तमका पडणार, सगळे कसे छातीठोक! आणि निकाल लागला की तीच मंडळी म्हणतात, ‘असं कसं झालं बुवा?’ भाकीत करणाऱ्यांत केवळ पारावरचे लोक असतात असेही नाही. पुढारी असतात, पत्रकार असतात, सरकारी गुप्तवार्ता पुरवणारे अधिकारीही असतात. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीने या सगळ्यांना एकदम चकित केले. त्या निकालाची गोष्ट आज आपल्याला सांगायची आहे; पण ती दिल्लीच्या गच्चीवरून नव्हे, तर आपल्या जळगाव-धुळ्याच्या ओट्यावर बसून. कारण त्या वर्षी खानदेशाने जो कौल दिला, तो नीट पाहिल्याशिवाय देशाचा कौलही पुरता उमगत नाही.

आधी थोडी मागची हकीकत सांगतो. १९७१ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४५ जागांपैकी ४२ जागा श्रीमती इंदिरा गांधींच्या काँग्रेसने जिंकल्या होत्या. पुढे १९७२ चा भीषण दुष्काळ आला, महागाई आली, ठिकठिकाणी आंदोलने झाली. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी पुकारली गेली. मिसा कायदा आणि भारत संरक्षण नियम यांखाली देशभरात एक लाखाहून अधिक माणसे तुरुंगात गेली. वर्तमानपत्रांवर नियंत्रण आले. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे आकडे वरून ठरवून खाली पाठवले जाऊ लागले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. या कामाची सक्ती किती ठिकाणी शिक्षकांवरच येऊन पडली, हे जुन्या गुरुजींना सांगायला नको. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ज्या माध्यमातून मी आपल्याशी बोलतो आहे, त्या रेडिओवरून त्या एकोणीस-वीस महिन्यांत सरकारची बाजू तेवढी ऐकू येई. खेड्यापाड्यात बातमी कळायचे मोठे साधन हेच. ते एकाच बाजूने बोलू लागले, तेव्हा लोक गप्प बसले; आणि लोक गप्प आहेत याचा अर्थ ते राजी आहेत, असा हिशेब राज्यकर्त्यांनी मांडला. इथेच त्यांची चूक झाली. माणूस भीतीने गप्प असला म्हणजे तो काय विचार करतो हे बाहेरच्याला कळत नाही, आणि कळू दिले नाही तर ते राज्य करणाऱ्यालाही कळत नाही.

१८ जानेवारी १९७७ रोजी पंतप्रधानांनी निवडणूक जाहीर केली. तुरुंगातून पुढारी सुटू लागले. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी अशा चार तऱ्हेच्या मंडळींनी मिळून जनता पक्ष उभा केला. वेळ इतका थोडा, की त्यांना स्वतःचे नवे चिन्हही घेता आले नाही. बहुतेक ठिकाणी लोकदलाचे नांगरधारी शेतकऱ्याचे चिन्ह घेऊन ते उभे राहिले. काँग्रेसचे चिन्ह तेव्हा गायवासरू होते. गंमत बघा, एका चिन्हात गोठा, दुसऱ्यात शेत! दोन्ही आपल्याच घरची. मतदाराला त्यांतून एकावर शिक्का मारायचा होता.

१६ ते २० मार्च या दिवसांत मतदान झाले, आणि २० तारखेच्या रात्रीपासून निकाल येऊ लागले. रेडिओभोवती माणसे जमली. ‘निकाल काय लागना, भो?’ हा एकच प्रश्न. लोकसभेच्या ५४२ जागांपैकी काँग्रेसला १५४ मिळाल्या. जनता पक्षाच्या पदरात २९५ पडल्या. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून पंचावन्न हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांत केंद्रात प्रथमच काँग्रेसखेरीज दुसऱ्या पक्षाचे राज्य येणार होते. २१ मार्चला आणीबाणी मागे घेतली गेली आणि २४ मार्चला मोरारजी देसाई पंतप्रधान झाले.

आता गुरुजी, वर्गातल्या भिंतीवरचा भारताचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तर प्रदेशात ८५ जागा होत्या आणि बिहारात ५४. दोन्हीकडे काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. आपल्या सातपुड्यापलीकडच्या मध्य प्रदेशात ४० पैकी अवघी एक मिळाली. आणि दक्षिणेत? आंध्रात ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकात २८ पैकी २६ जागा काँग्रेसलाच मिळाल्या. एकच देश, एकच आठवडा, आणि कौल असा दोन तऱ्हेचा. महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध राहिला. ४८ जागांपैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९, शेतकरी कामगार पक्षाला ५, मार्क्सवादी कम्युनिस्टांना ३ आणि रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाला १ अशी वाटणी झाली.

आणि या महाराष्ट्रातही, जिथे उत्तर आणि दक्षिण एकमेकींना शिवतात, ती शिव आपल्या अंगणातूनच गेली. तेव्हा खानदेशात लोकसभेचे चार मतदारसंघ होते. जळगाव जिल्ह्याकडचे दोन, जळगाव आणि एरंडोल, जनता पक्षाकडे गेले. जळगावातून यशवंत बोरोले आणि एरंडोलातून सोनूसिंग धनसिंग पाटील निवडून आले. त्या वेळच्या धुळे जिल्ह्याकडचे दोन, धुळे आणि नंदुरबार, काँग्रेसकडेच राहिले. धुळ्यातून विजय नवल पाटील आणि नंदुरबारातून सुरूपसिंग नाईक दिल्लीला गेले. एकच तापी नदी, तोच कापूस, तीच केळी, तीच अहिराणी. तरी निम्मा खानदेश इकडे आणि निम्मा तिकडे!

हे असे का झाले? एकाच कारणाने अमुक मत पडले असे कोणी सांगू लागला तर त्यावर फारसा विश्वास ठेवू नये. तरीही काही गोष्टी ताडून पाहता येतात. जळगाव जिल्हा तसा काँग्रेसच्या जुन्या परंपरेचा. डिसेंबर १९३६ मध्ये ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली याच जिल्ह्यात, फैजपूरला झाले होते. त्या पिढीने राज्याच्या सत्तेविरुद्ध तुरुंगवास सोसला होता. स्वराज्यातही खटला न चालवता माणसे कोंडली जातात, हे त्यांच्या मुलानातवांना खटकले असेल तर नवल नाही. शिवाय भुसावळ-बऱ्हाणपूरच्या रेल्वेमार्गाने उत्तरेकडच्या वार्ता इकडे लवकर येत, हीही गोष्ट ध्यानात घ्यावी.

धुळे-नंदुरबारकडचे चित्र निराळे. शहादे-तळोद्याच्या पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या हातोहात गेल्या होत्या. १९७२ पासून तेथे श्रमिक संघटनेने मजुरीचा आणि जमिनीचा प्रश्न धसास लावला होता. आदिवासींच्या जमिनी त्यांना परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. वेठबिगारी बंद करणारा वटहुकूमही त्याच ऑक्टोबरातला. हे कायदे आणीबाणीने मेहेरबानी म्हणून दिले, असे मानण्याचे कारण नाही. जमिनीच्या कायद्यामागे लोकांची वर्षानुवर्षांची झुंज होती. पण अंमल सुरू झाला तो त्या काळात. आखाजीला सालदारकीची बोली करून वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाला वर्तमानपत्राच्या कोऱ्या रकान्यापेक्षा आपल्या बापाचा गेलेला गट नंबर जवळचा वाटला असेल. त्याला अडाणी म्हणून चालणार नाही. आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी शिक्का मारणाऱ्यालाही कोणी वाऱ्यावर वाहून गेलेला म्हणू नये. प्रत्येकाने आपापल्या अनुभवाच्या मापाने सरकारला मोजले.

म्हणून ‘लाट आली’ हा शब्द मला अपुरा वाटतो. लाट म्हटली की माणसे पाचोळ्यासारखी वाहत गेली असे वाटते. पाचोळा वाहत गेला असता तर तो पांझरेच्या काठी एक आणि गिरणेच्या काठी दुसरा असा वेगळा कसा पडला असता?

आता परिणामांकडे वळू. दिल्लीत एरंडोलचे सोनूसिंग पाटील गृहखात्याचे राज्यमंत्री झाले. संसदेने १९७८ मध्ये चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती मंजूर केली. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण काढून त्या जागी ‘सशस्त्र बंड’ असे शब्द घातले गेले. मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयावाचून आणीबाणी पुकारता येणार नाही असे ठरले. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही असे बंधन आले. आणि सहा वर्षांवर नेलेली लोकसभेची मुदत परत पाच वर्षांवर आणली गेली. हा त्या मताचा सर्वांत टिकाऊ परिणाम. रेडिओ-दूरदर्शन सरकारच्या हातून स्वायत्त संस्थेकडे द्यावे, असा अहवाल वर्गीस समितीने १९७८ मध्ये दिला. ते घडायला मात्र वेळ लागला. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा आणि त्याचा अंमल १९९७ चा.

इकडे मुंबईत शंकरराव चव्हाण जाऊन वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. १९७८ च्या जानेवारीत काँग्रेस दुभंगली. फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली. २८८ पैकी जनता पक्षाला ९९ आणि दोन्ही काँग्रेसना अनुक्रमे ६९ आणि ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेस एकत्र येऊन सरकार झाले, आणि जुलैत शरद पवारांनी ते पाडून जनता पक्षासह पुलोदचे सरकार बनवले. त्यात उत्तमराव पाटील मंत्री होते. हे तेच उत्तमराव, ज्यांना १९५७ साली धुळ्याने लोकसभेत पाठवले होते. त्या वर्षी साऱ्या देशात जनसंघाचे चारच खासदार निवडून आले. त्यांत बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी होते आणि धुळ्याचे उत्तमराव. म्हणजे जे धुळे १९७७ मध्ये काँग्रेसबरोबर राहिले, त्याने वीस वर्षांपूर्वी काँग्रेसला धक्का दिला होता! मतदार कोणाच्या दावणीला बांधलेला नसतो, तो असा.

पण गोष्ट इथे संपत नाही. जनता पक्षात चार घरची माणसे होती. सत्तेच्या पंगतीत बसताच जुनी भांडणे उकरली गेली. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. चरणसिंग पंतप्रधान झाले, पण लोकसभेला सामोरे न जाताच पायउतार झाले. जानेवारी १९८० मध्ये त्याच मतदाराने इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५३ जागा दिल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ मिळाल्या, आणि जळगाव-एरंडोलही परत काँग्रेसकडे गेले. तीन वर्षांपूर्वी ज्याला डोक्यावर घेतले त्याला खाली ठेवायला लोकांना वेळ लागला नाही. आणीबाणी लोक विसरले, असा त्याचा अर्थ काहींनी काढला. मला तो पटत नाही. सत्त्याहत्तरात लोकांनी ‘हे नको’ म्हणून सांगितले होते. ‘मग काय हवे’ याचे उत्तर नव्या राज्यकर्त्यांनी द्यायचे होते. ते त्यांना देता आले नाही.

जाता जाता अलीकडची एक गोष्ट सांगतो. २०२४ च्या जूनमध्येही देशाचा निकाल अनेकांच्या भाकितांना चुकवून गेला. सत्ताधारी भारतीय जनता पक्ष २४० जागांवर थांबला आणि मित्रपक्षांसह सरकार बनवावे लागले. त्या वेळी खानदेशात काय झाले? जळगाव आणि रावेर भाजपकडे. धुळे आणि नंदुरबार काँग्रेसकडे. धुळ्यातला फरक अवघा ३,८३१ मतांचा. सत्तेचाळीस वर्षांनी तीच दुफळी! मतदारसंघांच्या सीमा बदललेल्या होत्या, एरंडोल मतदारसंघ राहिला नव्हता, पक्ष बदलले होते, प्रश्नही निराळे होते. म्हणून यातून घाईने नियम काढू नका. पुढे सहा महिन्यांच्या आत विधानसभेच्या निवडणुकीत राज्याने महायुतीला २३० जागा देऊन भाकिते पुन्हा उलथवली.

गुरुजींना शेवटी एक विनंती आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना सन आणि आकडे पाठ करायला लावण्याआधी दोन नकाशे काढायला सांगा, एक देशाचा आणि एक आपल्या खानदेशाचा. त्यांवर सत्त्याहत्तरचा निकाल दोन रंगांत रंगवू द्या. मग विचारा, ‘एकाच नदीकाठच्या माणसांनी निराळे मत का दिले असेल?’ मुले घरी जाऊन आजोबांना, आजींना विचारतील. एखादी आजी शस्त्रक्रियेच्या शिबिराची आठवण सांगेल, एखादे आजोबा परत मिळालेल्या शेताची सांगतील. दोन्ही ऐकून घ्या. एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

आणि श्रोते हो, आपल्यासाठी एवढेच. त्या मार्चमध्ये शिक्का मारून बाहेर पडलेल्या माणसाने बोटावरची शाई पाहिली असेल आणि तो शेताकडे गेला असेल. त्याच्या त्या एका कृतीने सरकार बदलले. नव्या सरकारने काय केले यावर मात्र पुढची पाच वर्षे रोज लक्ष ठेवायचे असते, ते काम शाईने होत नाही. बोटावरची शाई महिन्याभरात जाते. आपली नजर जाता कामा नये.