फळीची किंमत

आज दुकानात जाऊन अमेरिकन फेंडर गिटारची किंमत विचारली, तर दीड-दोन लाखांच्या घरातला आकडा ऐकायला मिळतो. तिच्याच शेजारी त्याच आकाराची, त्याच कंपनीच्या 'स्क्वायर' नावाच्या धाकट्या ब्रँडची गिटार वीस-पंचवीस हजारांत टांगलेली असते. लांबून बघितलं तर जुळ्या बहिणी. गंमत म्हणजे ही जी लाखांची आहे ना, तिचं डिझाइन मुळात स्वस्तात आणि पटापट बनवता यावी म्हणूनच केलेलं होतं. या वीकेंडला त्याचीच गोष्ट.

निमित्त आमच्या सायखेड्याच्या मामेभावाचं. बारावी झाली, इलेक्ट्रिक गिटार घ्यायची ठरली, आणि त्याने मला फोनवर अगदी नेमका प्रश्न विचारला, "दादा, स्वस्तातली घेतली तर आवाजही स्वस्तातला येईल का?" मामांचा प्रश्न वेगळा होता. सायखेड्यात कुठल्याही रकमेचं भाषांतर कांद्यात होतं. भाव क्विंटलला पंधराशे धरला तर वीस हजार म्हणजे तेरा-चौदा क्विंटल, दीड लाख म्हणजे शंभर क्विंटल. शंभर क्विंटल म्हणजे उपबाजारात लिलावाला उभ्या राहिलेल्या चार-पाच ट्रॉल्या. एवढ्या कांद्याच्या बदल्यात एक लाकडी फळी? मामांचा मुद्दा तसा बिनतोड आहे.

आता आपल्या डोक्यात 'भारी लाकूड म्हणजे भारी आवाज' हे समीकरण बसलंय ते उगाच नाही. मिरजेचा तानपुरा घ्या. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे मूळच्या शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. आज त्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन आहे (२०२४ साली मिळालं). तानपुऱ्यात भोपळा केवढा, त्याची साल किती जाड, तबली कशी, यावर आवाज ठरतो, कारण तारेचं कंपन हवेत पोचवण्याचं काम तो भोपळा आणि ते लाकूडच करतं. तिथे चांगल्या मालाला जास्त पैसे मोजणं शंभर टक्के बरोबर आहे.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये मात्र हे काम लाकडाकडे नसतंच. तारेखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे (स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपमध्ये साधारण आठ हजार). पोलादी तार चुंबकाच्या वर थरथरली की कॉइलमध्ये वीज तयार होते, ती अॅम्प्लिफायरला जाते. झालं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा फॅरेडे. फळीचं मुख्य काम तारा ताणून धरणं. जिम लिल नावाच्या नॅशव्हिलच्या गिटारवादकाने याचा निकालच लावला. त्याने गिटारची बॉडी काढूनच टाकली, दोन टेबलांच्या मध्ये नुसत्या तारा ताणल्या, खाली तोच पिकअप त्याच अंतरावर ठेवला आणि महागड्या गिटारशी तुलना केली. फरक ओळखायला कान टवकारावे लागतात.

आणि हे आपल्याला नवीन वाटायचं खरं तर कारण नाही. गावाकडच्या वरातीत ज्याने बेंजो पार्टी ऐकलीय, त्याने हेच तत्त्व ऐकलंय. आपला 'बेंजो' म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे, बुलबुल तरंग. १९१२ साली जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिताने 'तायशोगोतो' नावाचं टाइपरायटरसारख्या बटणांचं वाद्य काढलं. ते फिरत फिरत भारतात आलं आणि बुलबुल तरंग झालं. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावून, कर्ण्याला जोडून, टेम्पोवर चढवलं. एक पेटी, वर तारा, खाली पिकअप. त्या बेंजोची किंमत कुणी लाकडावरून करत नाही. वाजवणारा कोण आणि साउंडवाला कोण, एवढंच विचारतात. रितेश देशमुखचा 'बँजो' (२०१६) याच वाद्यावर होता. आमच्या भागात आता डीजेने बेंजो पार्ट्यांची पंचाईत केलीय, असो.

तर मूळ गोष्ट. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ रिपेअरवाला. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, आयुष्यात शिकलाही नाही. त्याच्याकडे दुरुस्तीला वस्तू यायच्या, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात घेतली की 'ही बिघडल्यावर उघडायची कशी' हा त्याचा पहिला प्रश्न. १९५० मध्ये त्याने जी गिटार आणली (आधी एस्क्वायर, मग ब्रॉडकास्टर, आणि १९५१ पासून टेलिकास्टर), ती बघून इतर कंपन्यांचे लोक हसले. नावेचं वल्हं म्हणाले, बर्फ उपसायचं फावडं म्हणाले. बॉडी म्हणजे सपाट फळी, साच्यावरून कापलेली. नेक मेपलच्या एकाच तुकड्याचा, चार स्क्रूंनी जोडलेला. खराब झाला तर स्क्रू काढा, दुसरा लावा. पुढे तर रंगसुद्धा मोटारींचेच वापरले. कोडच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण मॉड्युलर.

गिब्सनचं घराणं याच्या उलट. कलामाझूचा जुना कारखाना, व्हायोलिनसारखी कोरीव बॉडी, सरस लावून कायमचा बसवलेला नेक. १९५२ मध्ये त्यांनी लेस पॉल मॉडेल आणलं, महोगनीवर मेपलचा कोरलेला थर, वर सोनेरी रंग. किंमत २१० डॉलर. त्याच वेळी टेलिकास्टर होती १८९.५० डॉलरला. हे दोन आकडे मला फार बोलके वाटतात. कारागिराची गिटार आणि रेडिओवाल्याची फळी यांत फरक फक्त वीस डॉलरचा! आणि दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, ट्रेमोलोवाली स्ट्रॅटोकास्टर आली ती २४९.५० ला, म्हणजे लेस पॉलच्या पहिल्या किमतीच्याही वर. लोक आवाजाचे पैसे देत होते, कोरीवकामाचे नाही, हे बाजाराने तेव्हाच दाखवून दिलं होतं.

खरीखुरी स्वस्त गिटार होती ती डॅनइलेक्ट्रो. नॅथन डॅनियलने फळीचाही खर्च वाचवला. पॉपलरच्या चौकटीला वरून-खालून मेसोनाइट, म्हणजे आपल्याकडे स्वस्त कपाटाच्या पाठीला लावतात तसला दाबलेल्या भुशाचा पत्रा. पिकअपचं आवरण म्हणून लिपस्टिकच्या नळ्या. विनोद नाही, खरंच लिपस्टिकच्या. सिअर्सच्या कॅटलॉगमध्ये हीच गिटार 'सिल्व्हरटोन' नावाने यायची. १९६२ च्या मॉडेलात तर पेटीतच अॅम्प्लिफायर बसवलेला होता आणि सगळं मिळून किंमत ६७.९५ डॉलर. पुढे लेड झेपेलिनच्या जिमी पेजने अशीच एक डॅनइलेक्ट्रो स्टेजवर 'काश्मीर' वाजवायला वापरली. त्याच्याकडे १९५९ ची लेस पॉल होती, तरीसुद्धा.

मग ही फळी लाखांची झाली कशी? उत्तर बरंचसं बॅलन्सशीटमध्ये आहे. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी १.३ कोटी डॉलरला घेतली. १९६९ मध्ये गिब्सनही एका मोठ्या समूहाकडे गेली, तो पुढे नॉर्लिन म्हणून ओळखला गेला. दोन्हीकडे उत्पादन वाढवलं, खर्च कापले, आणि सत्तरच्या दशकात दर्जा घसरल्याची बोंब झाली. त्यामुळे वादक जुन्या गिटारी शोधायला लागले. ज्या सनबर्स्ट लेस पॉल १९५८ ते ६० मध्ये खपत नाहीत म्हणून बंद केल्या होत्या, त्यांची आज लाखो डॉलरमध्ये विक्री होते. 'विंटेज' नावाचा देव्हारा असा उभा राहिला. त्याचा पाया जुन्या लाकडापेक्षा नव्या मालाच्या ढिसाळपणात जास्त आहे, असं माझं मत.

ही फट जपान्यांनी बरोबर हेरली. ग्रेको, टोकाई, आयबानेझ यांनी अशा नकला काढल्या की बघणारा फसावा. १९७७ मध्ये नॉर्लिनने आयबानेझच्या अमेरिकेतल्या कंपनीवर दावा ठोकला. मुद्दा काय, तर गिटारच्या डोक्याचा आकार! आवाजाबद्दल कोर्टात कुणी बोललं नाही, कारण तिथे बोलण्यासारखं फारसं नव्हतं. फेंडरने जास्त शहाणपणा केला. १९८२ मध्ये फेंडर जपान काढली आणि नकलांच्या भावात आपणच गिटार विकायला सुरुवात केली. त्यासाठी नाव वापरलं 'स्क्वायर', १९६५ मध्ये ताब्यात आलेल्या एका तारा बनवणाऱ्या कंपनीचं. त्या पहिल्या जपानी स्क्वायर आज स्वतःच विंटेज म्हणून शोधल्या जातात. पुढे हे काम कोरिया, चीन, इंडोनेशियाला गेलं. अमेरिकेतल्या कामगाराच्या पगाराच्या गिटारला 'प्रीमियम' नाव पडलं, आणि बाकीच्यांना 'बजेट'.

आपल्याकडे तर आणखी एक भिंत होती. आयातीवर निर्बंध आणि जबर जकात. त्यामुळे १९९१ च्या आधी परदेशी गिटार म्हणजे बोटीवरच्या किंवा परदेशातल्या कुणी आणलेली वस्तू. मुंबईत १८६५ पासूनचं फुर्टाडोज होतं, कलकत्त्याचं गिव्हसन होतं (नाव वाचून कळलं असेलच :)). आणि याच तुटवड्यात व्हॅन शिपले इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढत होते. 'दम मारो दम' (१९७१) मधली भूपिंदर सिंग यांची गिटार आठवा. ती ऐकताना 'गिटार कितीची असेल' हा प्रश्न कुणाला पडतो?

आता मामेभावाच्या प्रश्नाकडे. आज वीस हजारांची गिटार चांगली निघते याचं मोठं कारण सीएनसी यंत्र. फुलर्टनमध्ये जे काम साच्यावर हाताने राउटर फिरवून व्हायचं, ते आज इंडोनेशियातलं यंत्र जास्त अचूक करतं, आणि नेकची खाच कापताना त्या यंत्राला बॉडीवर कुठलं नाव छापणार हे माहीत नसतं. स्वस्त गिटारमध्ये पैसे वाचवतात ते बारीकसारीक ठिकाणी. खुंट्या, स्विच, व्हॉल्यूमचे पॉट, सिरॅमिक चुंबकाचे पिकअप. हे सगळं नंतर बदलता येतं. सोल्डरिंग आयर्न धरता येणाऱ्याला तर एका दुपारचं काम, लिओ फेंडरची कृपा. आणि मुख्य म्हणजे माणसाचा वेळ वाचवतात: फ्रेट घासणं, नट कापणं, तारांची उंची लावणं. म्हणजे जे तानपुऱ्याला जवारी काढणं, ते गिटारला सेटअप. उत्तम तानपुऱ्याची जवारी बिघडलेली असेल तर तो मुका असतो, हे कुठलाही गवई सांगेल. गिटारचंही तेच. म्हणून त्याला सांगितलं, वीस हजारांची घे, दोन-तीन हजार नाशिकला किंवा पुण्याला चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घ्यायला ठेव, आणि उरलेले अॅम्प्लिफायरला. डब्बा अॅम्पवर दोन लाखांची गिटारही डब्बाच वाजते.

एका गोष्टीत मात्र मी स्वस्ताची बाजू घेणार नाही, ती म्हणजे नेकचं लाकूड. आवाजासाठी नाही, सरळ राहण्यासाठी. तारांचा ताण सतत नेकला वाकवत असतो. लिओ फेंडरने सुरुवातीला इथेही काटकसर केली होती. १९५० च्या पहिल्या एस्क्वायरमध्ये नेकच्या आत लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, घातलीच नव्हती. मेपल कडक आहे, गरज काय, असा हिशेब. त्या नेक वाकल्या, गिटारी परत आल्या, आणि वर्ष संपायच्या आत त्याला सळई घालावी लागली. आता आमचा निफाड तालुका. डिसेंबर-जानेवारीत राज्यातलं सर्वात कमी तापमान म्हणून कुंदेवाडीचा आकडा पेपरात येतो, एप्रिलमध्ये चाळीसच्या आसपास ऊन, आणि पावसाळ्यात सायखेड्यात गोदावरी दाराशी. नीट न वाळवलेलं लाकूड या चक्रात आकसतं, फुगतं. उन्हाळ्यात फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन बोटाला टोचतात. त्यामुळे दुकानात गेल्यावर आधी नेकच्या कडेवरून अंगठा फिरव, मग डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी सरळ आहे का बघ, ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का दुकानदाराला विचार, आणि त्याची किल्ली मागून घे. ती पिशवीच्या कप्प्यात असते, दुकानदार द्यायची विसरतात.