चौतीस पदार्थ, पंधरा बाळे

विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये एक तक्रार सतत असे : मूल जेवत नाही. हे मूल बहुधा डॉक्टरांनीच आखून दिलेल्या तक्त्यानुसार वाढवले जात असे. एमेट होल्ट यांचे १८९४ साली निघालेले बालसंगोपनावरचे प्रश्नोत्तररूपी पुस्तक घरोघरी पोहोचले होते. काय द्यायचे, किती द्यायचे, किती वाजता द्यायचे, हे सारे त्यात ठरलेले. बाळाने तोंड फिरवले तर ते हट्टी, आणि हट्ट मोडायचा.

क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंना वेगळीच शंका आली. बाळाला जेवणातले काही कळत नाही, हे आपण कधी तपासून पाहिले आहे काय? १९२६ साली क्लीव्हलँडच्या माउंट सायनाय रुग्णालयात त्यांनी तीन बाळांवर प्रयोग सुरू केला. पुढे शिकागोत तो वाढत जाऊन एकूण पंधरा मुले झाली. काही सहा महिने, तर काही साडेचार वर्षांपर्यंत प्रयोगात होती. सुरुवातीला त्यांचे वय सहा ते अकरा महिने होते आणि दुधाखेरीज दुसरे अन्न त्यांनी चाखलेले नव्हते.

पदार्थांची यादी चौतीसांची : साधे दूध, आंबवलेले दूध, सफरचंद, केळे, संत्र्याचा रस, गाजर, बीट, मटार, सलगम, पालक, बटाटा, ओट, गहू, सातू, गोमांस, कोंबडी, मासे, कलेजी, भेजा, गुर्दा, हाडातला मगज वगैरे. मीठ वेगळ्या वाटीत. साखर नाही, डबाबंद काही नाही, कशात काही मिसळलेले नाही. सगळे एकाच वेळी मांडणे शक्य नसल्याने ते दिवसभराच्या जेवणांत वाटलेले असे.

खरी मेख परिचारिकेला दिलेल्या नियमात होती. तिने चमचा हातात धरून स्वस्थ बसायचे. बाळाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच त्यातले चमचाभर उचलायचे, आणि त्याने तोंड उघडले तरच भरवायचे. ‘हे घे’ नाही, ‘शहाणा गं माझा’ नाही, कपाळाला आठीही नाही. (आपल्यापैकी कितीजणांना हे एक जेवणभर तरी जमेल?)

पहिल्या काही जेवणांत बाळांनी वाट्या, ताट, कागद, सगळेच चावून पाहिले. काही घास थुंकले. मग मात्र प्रत्येकाची आवड ठरू लागली, आणि ती बदलतही राहिली. संत्र्याचा अर्धा लिटरभर रस आणि कलेजी अशी न्याहारी झाली. अंडी, केळी आणि दूध असे रात्रीचे जेवण झाले. मीठ तोंडात टाकल्यावर मुले ठसकत, रडतही. पण थुंकत नसत आणि पुन्हा त्याच वाटीकडे वळत. मुडदूस झालेल्या एका मुलाच्या ताटात कॉडलिव्हर तेलाचा पेला ठेवला होता. तो ते मनाला येईल तसे पीत राहिला. क्ष-किरण चित्रात हाडे बरी झालेली दिसली आणि त्यानंतर त्याने ते घेतले नाही. कोणत्याही दोन मुलांचा आहार सारखा नव्हता, तरी सारी चांगली वाढली.

ही हकिगत बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६च्या प्रसिद्ध पुस्तकातून लाखो आईबापांपर्यंत गेली. पण ‘मुलाला हवे ते खाऊ द्या, शरीराला सारे कळते’ असा तिचा सोयीस्कर अर्थही लोकांनी लावला. डेव्हिसबाई तसे म्हणत नव्हत्या. १९३९च्या लेखात त्यांनी स्पष्ट लिहिले की, युक्ती होती ती यादीत. ती यादी मोठ्यांनी केली होती. त्यातून वाईट निवड करणेच कठीण होते. साखर, पांढरे पीठ यांच्यासह हाच प्रयोग पुन्हा करायची त्यांची इच्छा होती, पण महामंदीने पैसे आटले आणि तो राहिलाच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ही मुले बहुतांशी अविवाहित तरुण मातांची किंवा पोसण्याची ऐपत नसलेल्या विधवांची होती. महिनोन् महिने ती आईपासून दूर, निरीक्षणाखाली वाढली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आज अशा प्रयोगाला परवानगी मिळणार नाही, आणि मिळू नये असेच आम्हाला वाटते.

नवा पदार्थ नाकारणाऱ्या बाळाचे कोडे पुढे लिअ‍ॅन बर्च यांनी दुसऱ्या टोकाने सोडवले. १९८२ साली त्यांनी दोन वर्षांच्या मुलांना अपरिचित चीज आणि फळे कमीअधिक वेळा चाखायला दिली. जो पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखला, तितका तो जास्त आवडला. १९९४ साली चार ते सहा महिन्यांच्या बाळांना दहा वेळा मटार किंवा फरसबीचा लगदा दिला, तेव्हा त्यांचे खाणे वाढले. अंगावर पिणाऱ्या बाळांचे अधिक वाढले. आईच्या आहारातील चवी दुधात उतरतात, हे त्याचे एक संभाव्य कारण. आणि घरी काय घडते? २००४च्या एका अमेरिकी पाहणीत दिसले की, तीन ते पाच वेळा देऊन पाहिल्यावर पालक ठरवून टाकतात : याला हे आवडत नाही.