आपणच माघारी फिरणारी आगगाडी

प्रदर्शनात खेळातली आगगाडी रुळाच्या टोकाला जाते, थांबते आणि कुणी हात न लावता माघारी फिरते. ही किमया कुठली?

अमेरिकेत व्हर्माँट राज्यात थॉमस डेव्हनपोर्ट नावाचा लोहार होता. १८३३ साली त्याने विजेचा चुंबक विकत घेतला आणि घरी नेऊन चक्क उकलून पाहिला. विजेची दिशा नेमक्या क्षणी उलटवत गेले, तर चाक फिरतच राहते, हे त्याने ताडले. १८३५ साली त्याने वाटोळ्या रुळावर विजेची चिमुकली गाडी चालवली. १८३७ साली मोटारीचे पेटंट घेतले. पण बॅटरीची वीज फार महाग. धंदा बुडाला, आणि १८५१ साली तो वारला.

आजची खेळगाडीही दिशा उलटवूनच माघारी येते. टोकाजवळ रूळ कापून त्या फटीवर डायोड जोडतात. पंपाची झडप पाण्याला एकाच बाजूने सोडते, तसा हा विजेला. गाडी फट ओलांडते. तिची वीज तुटते, ती थांबते. ठरल्या वेळी घड्याळी बटण विजेची दिशा उलटवते. आता डायोड वाट देतो आणि गाडी निघते.

गुरुजी, मुलांना ही गाडी दाखवाल तेव्हा त्या लोहाराचीही आठवण सांगा.