ओटीवरचा चहा

इंटिरियर म्हटलं की लोक आधी रंग आणि फॉल्स सीलिंगवर येतात. मी आधी वाटा बघतो. (सवय हो! दिवसभर डेटा कुठून कुठे जातो हेच बघायचं काम.) आई-बाबा केळव्याहून कायमचे राहायला येणार म्हणून बोईसरच्या फ्लॅटचं काम काढलं, आणि डोक्यात सारखं केळव्याचं जुनं घर यायला लागलं.

ते घर एका ओळीत होतं. अंगण, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, मग न्हाणी, विहीर आणि वाडी. कोकणातली बरीच जुनी घरं थोड्याफार फरकाने अशीच. हा चक्क अ‍ॅक्सेस कंट्रोल होता: हिशोबाला आलेला व्यापारी ओटीवर, पै-पाहुणे माजघरापर्यंत, चुलीशी फक्त घरचे. वाडीतले चिखलाचे पाय मागच्या दारी, धुऊनच आत.

झकास डिझाइन. पण कोणासाठी? ओटीवर झोपाळ्यावर बसणाऱ्यासाठी! विहीर ते चूल ही वाट कळशी घेऊन बायकाच चालायच्या, आणि ओटीवर चहा पोचवायला अर्धं घर ओलांडायचं. ती पावलं कोणी मोजली नाहीत.

जर्मनीत मोजली गेली. मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. नमुना रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघराचा. अशी सुमारे १०,००० बसवली गेली. आपलं मॉड्युलर किचन त्याच घराण्यातलं. पावलं वाचली खरी, पण जागा एकाच माणसापुरती, त्यामुळे बाई भिंतीआड एकटी पडते अशी टीका पुढे झालीच.

असो. आमच्याकडे १९६९ला तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, एमआयडीसी आली, बोईसरला इमारती उठल्या. बिल्डरच्या नकाशात ओटी, माजघर, पडवी सगळं मिळून एक 'हॉल'. दार उघडलं की थेट सोफा, चपला आणि कुरियरवाला.

आम्ही केलं ते थोडकंच. दाराशी बसून चपला काढायला एक बाकडं. ड्राय बाल्कनीत भाजी निवडायची, भांडी निथळायची सोय, म्हणजे मागची पडवीच. फ्रिज शेगडीजवळ. आणि स्वयंपाकघराची अर्धी भिंत (स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारून) उतरवली.

"चूल काय रस्त्यावर आणलीस?" बाबा म्हणाले. आई काही बोलली नाही. आता ती चहा अर्ध्या भिंतीवर ठेवते आणि हाक मारते. बाबा उठून घेतात. कुरकुरत, पण घेतात.