मोटरहोममधील वॉशबेसिनचा निचरा

मोटरहोममधील वॉशबेसिनचा निचरा म्हणजे निवासी वाहनाच्या स्नानगृहातील वॉशबेसिनमधून वापरलेले पाणी वाहनाच्या सांडपाणी टाकीपर्यंत वाहून नेणारी व्यवस्था होय. घरातील निचऱ्याप्रमाणेच ही व्यवस्था गुरुत्वाकर्षणावर चालते. मात्र घराची जमीन स्थिर असते, तर मोटरहोमची जमीन प्रत्येक मुक्कामी वेगळ्या कोनात असते. त्यामुळे मोटरहोमच्या बेसिनमध्ये पाणी तुंबण्याचे कारण नेहमीच नळीतील कचरा हे नसते. वाहनाचा कल, भरलेली टाकी किंवा नळीत अडकलेली हवा ही कारणेही तितकीच महत्त्वाची असतात. कारण न ओळखता तीव्र रसायने ओतल्यास तुंबलेले पाणी तसेच राहते आणि नळ्या व जोड यांची हानी होण्याचा धोका निर्माण होतो.

रचना

मोटरहोममध्ये सामान्यतः दोन प्रकारचे दूषित पाणी वेगवेगळे साठवले जाते. वॉशबेसिन, शॉवर व स्वयंपाकाच्या सिंकमधील पाणी सांडपाण्याच्या टाकीत जाते. शौचालयातील मैलापाण्यासाठी उत्तर अमेरिकी वाहनांत स्वतंत्र स्थिर टाकी असते, तर युरोपीय वाहनांत बहुधा बाहेर काढता येणारी कॅसेट असते. सांडपाण्याची टाकी सहसा वाहनाच्या तळाखाली बसवलेली असते.

बेसिनच्या तळाशी जाळीसह वेस्ट कपलिंग असते व त्याला नळी जोडलेली असते. उत्तर अमेरिकेत या कामासाठी घरांप्रमाणे कडक प्लास्टिकचे पाईप व पी-ट्रॅप वापरण्याची पद्धत आहे. युरोपीय वाहनांत अनेकदा २५ ते २८ मिलिमीटर व्यासाच्या बारीक नळ्या असतात. त्यांपैकी वळ्या असलेली लवचीक नळी वजनाने हलकी असून कपाटांमागच्या अरुंद जागेतून सहज वळवता येते. युरोपात बहुसंख्य मोटरहोम ३,५०० किलोग्रॅम एकूण वजनाच्या मर्यादेत बसवली जातात. त्यामुळे हलक्या साहित्याला प्राधान्य मिळते.

या सोयीची किंमत निचऱ्याच्या वेगात मोजावी लागते. ब्रिटनमधील घरगुती बेसिनसाठी प्रचलित असलेल्या ३२ मिलिमीटर पाईपच्या तुलनेत २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीचे छेदक्षेत्र सुमारे ६० टक्केच असते. शिवाय नळी आतूनही वळीदार असल्यास प्रत्येक वळीत साबणाचा थर व केस साचतात.

ढाळ आणि वाहनाची पातळी

निचऱ्याच्या आडव्या पाईपला अमेरिकी नळकामात दर फुटामागे पाव इंच, म्हणजे १ : ४८ इतका ढाळ देण्याचा प्रघात आहे. हा ढाळ दर मीटरला सुमारे २१ मिलिमीटर असतो व कोनाच्या हिशेबात तो जेमतेम १.२ अंश भरतो. पुढील व मागील चाकांत ४ मीटर अंतर असलेले वाहन एका टोकाला ८ सेंटीमीटरहून थोडे अधिक उचलले गेले, तर त्या दिशेने जाणाऱ्या नळीचा ढाळ पूर्णपणे नाहीसा होतो. कल त्याहून वाढल्यास पाणी टाकीऐवजी बेसिनकडे परतू लागते.

म्हणूनच मुक्कामाच्या जागी पाणसळ लावून वाहनाची पातळी तपासणे आणि खाली गेलेल्या चाकांखाली उताराचे ठोकळे ठेवणे, हा निचऱ्याच्या दुरुस्तीतील पहिला व बिनखर्चाचा टप्पा मानला जातो. एका मुक्कामी तुंबणारे व दुसऱ्या मुक्कामी सुरळीत वाहणारे बेसिन बहुधा या कारणाने त्रास देत असते.

निचरा बिघडण्याची अन्य कारणे

भरलेली टाकी : टाकी भरल्यावर पाणी नळीतून मागे चढते. शॉवरचा तळ हा स्नानगृहातील सर्वांत खालचा निचरा असल्याने बेसिनमध्ये ओतलेले पाणी प्रथम तेथे वर येते. टाकीतील पातळी दाखवणाऱ्या संवेदकांवर साबण व चरबीचा थर बसून चुकीची नोंद मिळू शकते. त्यामुळे केवळ दर्शकावर विसंबून राहता येत नाही.

झोळ व हवेचा अडसर : लवचीक नळीला पुरेसे आधार नसल्यास तिला झोळ पडतो व खोलगट भागात पाणी साचून राहते. असे दोन झोळ लागोपाठ असल्यास त्यांच्यामधील हवा कोंडली जाते. बेसिनमधील पाण्याची उंची कमी असल्याने त्याचा दाब ही हवा पुढे ढकलण्यास अपुरा पडतो. नळी स्वच्छ असूनही पाणी थांबते, ते या कारणाने.

टाकीचा बंद वायुमार्ग : टाकीत एक लिटर पाणी शिरताना तेवढीच हवा बाहेर पडणे आवश्यक असते. वायुनळी माती, कीटकांची घरे किंवा साचलेल्या फेसाने बंद झाल्यास ही हवा निचऱ्याच्या नळीतूनच वर येते. बुडबुड असा आवाज व धिम्या गतीने उतरणारे पाणी ही त्याची लक्षणे होत.

प्रत्यक्ष अडथळा : केस, टूथपेस्ट, दाढीचा फेस व साबण यांचा गोळा वेस्ट कपलिंगच्या जाळीखाली किंवा ट्रॅपमध्ये बसतो. कठीण पाण्यातील कॅल्शियमशी साबणाची प्रक्रिया होऊन न विरघळणारा राखट थर तयार होतो व तो केसांना धरून ठेवतो.

गोठणे : थंड प्रदेशांत तळाखालील उघड्या नळीत साचलेले पाणी गोठून मार्ग बंद करते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावत असल्याने नळी किंवा ट्रॅप तडकण्याचीही शक्यता असते.

दोषनिदान

दोष शोधताना सोप्या तपासणीकडून अवघड तपासणीकडे जाण्याचा क्रम सोयीचा ठरतो.

१. सांडपाणी टाकण्याच्या अधिकृत जागी टाकी पूर्ण रिकामी केली जाते. तेवढ्याने बेसिन वाहू लागल्यास टाकी भरली होती, असा निष्कर्ष निघतो.
२. वाहन समपातळीत आणून पुन्हा पाणी सोडले जाते.
३. रिकाम्या टाकीची तळाची झडप एकदा उघडी व एकदा बंद ठेवून निचरा पाहिला जातो. झडप उघडी असताना पाणी वेगाने उतरत असेल व बंद केल्यावर रेंगाळत असेल, तर वायुमार्गात दोष असतो.
४. शॉवर व सिंक तपासले जातात. सर्वच ठिकाणी पाणी तुंबत असेल तर दोष सामाईक नळीत किंवा टाकीच्या तोंडाशी असतो. फक्त बेसिन तुंबत असेल तर तो त्याच्या स्वतंत्र नळीत असतो.
५. अखेरीस खाली बादली ठेवून नळी वेस्ट कपलिंगपासून सोडवली जाते. कपलिंगमधून पाणी मोकळे पडल्यास अडथळा पुढील नळीत आहे, हे स्पष्ट होते.

दुरुस्ती

जाळीखालील केस आकडीने किंवा दातेरी प्लास्टिकच्या पट्टीने ओढून काढता येतात. ट्रॅप असल्यास तो उघडून धुतला जातो व पुन्हा बसवताना वायसर तपासला जातो. प्लंजर वापरताना शॉवरचे छिद्र व बेसिनची अतिप्रवाहाची फट ओल्या फडक्याने बंद करावी लागते. अन्यथा दाब तेथूनच निघून जातो. पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर हा बहुधा अधिक सुरक्षित पर्याय असतो. याउलट दाबाखालील हवा नळीत सोडल्यास केवळ दाबून बसवलेले किंवा क्लिपने आवळलेले जोड कपाटामागे, नजरेआड सुटू शकतात.

झोळ पडलेली नळी ठराविक अंतरावर क्लिपने आवळून तिला सलग ढाळ देणे, अतिरिक्त लांबी कापणे आणि शक्य तेथे आतून गुळगुळीत असलेली नळी किंवा कडक पाईप बसवणे, हे कायमस्वरूपी उपाय आहेत. बेसिन व शॉवर एकाच नळीला जोडलेले असल्यास बेसिनसाठी टाकीत स्वतंत्र प्रवेश देण्याचाही पर्याय असतो. मात्र अनेक टाक्या पॉलिएथिलीनच्या असतात व या प्लास्टिकला पीव्हीसीचे सॉल्व्हंट सिमेंट धरत नाही. अशा वेळी रबरी कडी किंवा यांत्रिक जोड वापरावा लागतो.

नळीत हवा आत घेणारी एकदिशी झडप बसवल्यास ट्रॅपमधील पाणी ओढले जाणे थांबते. तथापि ही झडप हवा फक्त आत घेते. टाकीतील हवा तिच्यातून बाहेर पडू शकत नसल्यामुळे तुंबलेल्या वायुनळीला ती पर्याय ठरत नाही.

रसायने व गरम पाणी

कॉस्टिक सोड्यावर आधारित चूर्णे पाण्यात विरघळताना मोठी उष्णता निर्माण करतात. बारीक प्लास्टिकच्या नळीत ती साचून राहिल्यास नळी मऊ पडणे, वायसर खराब होणे व नंतर नळी उघडणाऱ्या व्यक्तीला भाजणे, असे धोके संभवतात. कडक पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होऊ लागत असल्याने उकळते पाणीही टाळले जाते. खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांच्या मिश्रणातून कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो. तो सैल थर हलवू शकतो, परंतु केसांचा गोळा विरघळवत नाही. क्षारांच्या थरासाठी सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण उपयोगी पडते. ते क्लोरीनयुक्त ब्लीचबरोबर वापरू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

दुर्गंधी व गळती

ट्रॅपमधील साचलेले पाणी टाकीतील वायू रोखून धरते. हे तत्त्व १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी पेटंट घेतलेल्या शौचालयातील वाकड्या नळीत वापरले गेले होते. धावत्या वाहनाच्या हिसक्यांनी ट्रॅपमधील पाणी उडून जाते, दीर्घकाळ वापर नसल्यास ते वाळते आणि काही वाहनांत ट्रॅप मुळातच नसतो. त्यामुळे प्रवासात बेसिनचे बूच लावून ठेवणे हा साधा उपाय रूढ आहे. काही ठिकाणी पाण्याऐवजी लवचीक पडद्याने बंद होणारी जलरहित झडप बसवली जाते.

गळती ही तुंबण्यापेक्षा गंभीर ठरू शकते. बेसिनखालील कपाटात थेंबथेंब झिरपणारे पाणी लाकडी तळात मुरते व तो कुजू लागतो. दुरुस्तीनंतर बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडणे व प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून पाहणे, ही गळती तपासण्याची विश्वासार्ह रीत आहे.

देखभाल व हिवाळा

नियमित देखभालीत जाळी साफ करणे, टाकी वेळोवेळी स्वच्छ पाण्याने धुणे व वायुनळीचे तोंड पाहणे यांचा समावेश होतो. कडाक्याच्या थंडीत युरोपात टाकीची झडप उघडी ठेवून खाली बादली ठेवण्याची पद्धत आहे. वाहन दीर्घकाळ उभे राहणार असल्यास ट्रॅपमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉलयुक्त गोठणरोधक ओतले जाते; एथिलीन ग्लायकॉल असलेले इंजिनाचे कूलंट विषारी असल्याने या कामी वर्ज्य आहे.

सांडपाण्याची विल्हेवाट

युरोपातील अनेक वाहनतळांवर व शिबिरस्थळांवर जमिनीतील जाळीवर वाहन आणून टाकी रिकामी करण्याची सोय असते. उत्तर अमेरिकेत नळी जोडून टाकी उपसण्याची केंद्रे असतात. तेथे आधी मैलापाण्याची व नंतर सांडपाण्याची टाकी सोडली जाते, जेणेकरून नळी धुऊन निघते. साबण व जंतूंनी युक्त असे हे पाणी रस्त्यावर, पावसाळी गटारात किंवा ओढ्यात सोडणे अनेक देशांत बेकायदेशीर आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वापरल्या जाणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनमध्येही वॉशबेसिन, शौचालय व टाक्या यांची अशीच रचना आढळते. राज्यात नळ्या गोठण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मात्र उन्हाळ्यातील उष्णतेमुळे ट्रॅप लवकर वाळतात व टाकीतील दुर्गंधी वाढते. कूपनलिकेच्या कठीण पाण्यामुळे नळ्यांत क्षारांचे थरही साचू शकतात.

हे देखील पहा

कॅराव्हॅन
नळकाम
सांडपाणी
व्हॅनिटी व्हॅन