लिस्बनचा भूकंप : हानी मोजावी कशी?

१ नोव्हेंबर १७५५. सकल संतांचा सण. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे चर्चमधून मिस्सा चालू असतानाच धरणी हादरली. भिंती कोसळल्या, पाठोपाठ समुद्र शहरात शिरला आणि मग भडकलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो जीव गेले.

मंत्री कार्व्हाल्यो (पुढे पोंबालचे मार्क्विस) यांच्या कारकिर्दीत १७५६ साली राज्यातील धर्मग्रामांना एक प्रश्नावली धाडण्यात आली. धक्के किती वेळ टिकले? माणसे किती दगावली? घरे किती पडली? समुद्र आधी ओसरला की चढला? अन्नधान्याची टंचाई झाली काय? धर्मगुरूंनी लिहिलेली उत्तरे लिस्बनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आजही जतन आहेत. आपत्तीची अशी पद्धतशीर नोंद त्या काळी दुर्मीळच होती.

परंतु पडक्या घरांची मोजदाद म्हणजे संपूर्ण हानीची मोजदाद नव्हे. लिस्बनच्या बंदरात ब्राझीलचे सोने व साखर उतरे. गोव्याकडची जहाजे तेथूनच निघत. पूर्वेकडील व्यापार पाहणारे 'कासा दा इंडिया' नष्ट झाले. इंग्रज आणि हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांचा मालही जळाला. गोदाम जळाले की व्यापारी बुडतो. त्याच्यामागे सावकार आणि दूरदेशीचा विणकरही अडचणीत येतो. उलट गवंड्या-सुतारांना मागणी येते. लिस्बनमध्ये कडक निर्बंध असूनही बांधकाम कामगारांची मजुरी इतरांच्या तुलनेत वाढली.

हे धागे मोजण्याचे साधन पुढे वासिली लिओन्तिएफ यांनी दिले. कोणता व्यवसाय कोणाकडून किती माल घेतो, याचा त्यांचा तक्ता १९३६ साली प्रसिद्ध झाला. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. एका रकान्यातील तूट इतर रकान्यांत कशी पसरते, हे त्यावरून उमगते. मात्र एक पथ्य पाळावे लागते : जळालेल्या यंत्राची किंमत आणि त्यापासून मिळणारे सारे भावी उत्पन्न यांची बेरीज केली, तर एकच हानी दोनदा मोजली जाते.

अल्वारो परेरा यांनी २००९ साली दफ्तरे धुंडाळून लिस्बनच्या भूकंपाची केवळ प्रत्यक्ष हानी पोर्तुगालच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३२ ते ४८ टक्के ठरवली.

वादळात बाग आडवी झाली की आपण बागायतदाराचे सांत्वन करतो. त्याच्याकडे रोजावर जाणारी बाई आणि त्याचा माल बाजारात नेणारा टेम्पोवाला मात्र पंचनाम्यात येत नाहीत. ज्यांची नोंद होत नाही, त्यांच्यापर्यंत मदतही पोहोचत नाही. म्हणून मोजणे हाही सेवेचाच एक भाग आहे, असे आम्हांस वाटते.