बारावीच्या वर्गात सिनेमा

सिनेमातून शिकवणं वेगळं आणि सिनेमा शिकवणं वेगळं. आपल्या शाळांनी पहिलं स्वीकारलं, दुसरं मागे राहिलं, असं मला वाटतं.

1955 मध्ये आयझेनस्टाईनच्या चरित्रकार मेरी सीटन शिक्षण मंत्रालयाच्या निमंत्रणावरून भारतात आल्या. चित्रपट कसा पाहावा, यावर त्यांनी ठिकठिकाणी व्याख्यानं दिली. 1960 मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे सतीश बहादूर यांनी रसास्वाद शिकवला. पण हे शिकायला येणारे शाळा संपवलेले होते.

1960 च्या दशकात सीटनबाईंचं रसास्वादावरचं पुस्तक एनसीईआरटीकडून निघालं. म्हणजे विचार शाळेच्या दारापर्यंत आला होता. मात्र ते काढलं दृक्‌-श्राव्य शिक्षण विभागाने, आणि त्या विभागासाठी सिनेमा मुख्यतः नकाशा-तक्त्यांसारखं साधन होता.

आज सीबीएसईच्या अकरावी-बारावीत मास मीडिया स्टडीज हा ऐच्छिक विषय आहे. सिनेमा त्यातला एक भाग.

आपण मुलांना कवितेचा अर्थ विचारतो, दृश्याचा नाही. बारावीनंतर कविता किती जण वाचतात? सिनेमा मात्र जवळपास सगळेच पाहतात.